झाडूच्या मागून

१

सकाळी सहाला मी दाताळं खांद्यावर टाकून वर जातो. वाऱ्यानं पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, पाण्याच्या चरांतला पाला काढायचा, वळणांवरची उखडलेली माती ओढून सारखी करायची. घाईचं काम नाही आणि मीही घाईचा माणूस नाही. पिएवेरोस्साच्या डोंगरातली ही वाट जुनी, कोळशाची. माझा बाप आणि मी वर लाकूड जाळून कोळसा करायचो आणि याच वाटेनं खाली आणायचो. आता तिच्यावरून जाड चाकांच्या सायकली उतरतात. लोक मला विचारतात, गेलिंदो, तुझ्या वाटेची माती करतात ही पोरं, तुला राग नाही येत? कसला राग? वाट वापरात असली की जगते. पाय नाहीत तर चाकं.

वाट खाली जिथं रस्त्याला मिळते तिथं दोन खांब आहेत आणि त्यांच्यावर चेस्टनटचा एक आडवा वासा. एका टोकाला तारेनं बांधलेला. दुसरं टोक उचलायचं आणि निघायचं. हा आमचा अडसर. त्याची रीत अशी, की जो सगळ्यांत शेवटी खाली येईल त्यानं तो लावायचा. पण मागून कुणी येतंय असं ऐकू आलं, तर लावायचा नाही. उचलून धरायचा आणि उभं राहायचं. येणाऱ्याच्या तोंडावर अडसर टाकायचा नाही. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. दिलेत्ताला मात्र मीच शिकवलं, एवढीशी होती तेव्हा.

दिलेत्ता माझी नात. नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे, आता तेवीसची आहे. घरात आम्ही दोघंच. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात असते आणि रविवारी फाउस्तोच्या सायकलवाल्यांबरोबर. फाउस्तो गाडीतून माणसं आणि सायकली वर नेतो, स्वतः पुढं राहून सगळ्यांना खाली आणतो. सगळ्यांच्या मागे एकजण असतो. कुणी पडलं, कुणाचं चाक फुटलं, कुणी घाबरून बसलं, तर त्याला घेऊन यायचं. मागे कुणी शिल्लक असेल तर खाली यायचं नाही. त्या शेवटच्या माणसाला इथं झाडू म्हणतात. मागच्या वर्षीच्या झाडूनं गळ्याचं हाड मोडून घेतलं, म्हणून या वर्षी झाडू दिलेत्ता झाली.

माझं काम अडसराशी बसायचं. फाउस्तो सकाळी आकडा सांगतो, तेवढे सुकवलेले चेस्टनट मी डाव्या खिशात घालतो. एक सायकल बाहेर आली की एक चेस्टनट उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की डोंगर रिकामा. मग अडसर लावायचा आणि घरी.

२

मे महिन्यातला दुसरा रविवार. चौदाजण आणि दिलेत्ता, म्हणजे पंधरा. चारच्या सुमाराला ते उतरले, चिखलानं माखलेले, मोठमोठ्यानं बोलत. शेवटी दिलेत्ता आली. पंधरावा चेस्टनट मी उजव्या खिशात टाकला.

"सगळे आले, आजोबा. लाव," ती म्हणाली आणि नळावर सायकल धुवायला गेली.

दहाएक मिनिटं टेकून मी अडसर उचलला आणि तेवढ्यात वरून आवाज आला. टक. थोडं थांबून, टक. पायडल न मारता सायकल सोडली की मागचं चाक टिकटिकतं, तसाच. पण फार सावकाश. उतारावर एवढ्या सावकाश सायकल सोडली तर माणूस आडवा होईल. मला वाटलं, कुणीतरी दमलाय, सायकल हातात धरून चालत येतोय. फाउस्तोनं मोजण्यात चूक केली असेल. तो बोलतो फार, मोजतो कमी.

मी अडसर धरला आणि हाक मारली, "ये बाबा, सावकाश ये. धरलाय मी."

आवाज जवळ आला. शेवटचं वळण आहे ना, तिथं एक जुनं खोड आहे. त्याच्या अगदी पलीकडं आला. आणि थांबला.

मी उभा राहिलो. वाटलं, श्वास घेत असेल. पाच मिनिटं झाली. हात भरून आले म्हणून टोक खांद्यावर घेतलं. पाखरं बोलत होती, नळाचं पाणी वाहत होतं. वळणापलीकडून कुणी आलं नाही.

"कुणाशी बोलतोयस रे?" दिलेत्तानं विचारलं.

"कुणी राहिलंय का बघ बरं."

ती वळणापर्यंत जाऊन आली. "कुणी नाही. सुतारपक्षी असेल. म्हातारपणी माणसं कबुतरांशी तरी बोलतात, तू सुतारपक्ष्याशी!"

मीही हसलो. सुतारपक्षी असेल. कान माझे एकोणऐंशी वर्षांचे आहेत. अडसर लावला आणि आम्ही घरी आलो. रात्री चेस्टनटच्या पिठाची धिरडी केली, ताज्या चीजबरोबर खाल्ली आणि झोपलो.

३

सोमवारी सकाळी दाताळं घेऊन गेलो. रविवारी सकाळी सारखी केलेली माती मऊ होती, वर सायकलींचे माग उमटलेले. हे माग वाचायला मला आवडतं. कोण घाबरला, कुणी ब्रेक दाबला, कुणाला येतं आणि कुणाला येत नाही, सगळं मातीत दिसतं.

सरळ वाटेवर सायकलचं मागचं चाक पुढच्याच्याच मागावरून जातं, त्यामुळं एक रेघ दिसते. वळणावर ती लबाडी चालत नाही. दोन चाकं असली की वळणावर रेघा दोन होतातच. पुढचं चाक बाहेरून, मागचं आतून.

सगळ्यांत वरचा माग दिलेत्ताचा हवा होता. तिच्या टायरची नक्षी मला माहीत आहे, माशाच्या काट्यासारखी. पण तिच्या नक्षीवरून आणखी एक रेघ गेली होती. बोटभर रुंद, गुळगुळीत, नक्षी नसलेली. आणि वळणावरही एकच.

मी दाताळं टेकवून बराच वेळ बघत राहिलो. मग रेघ धरून वर गेलो. प्रत्येक वळणावर एकच. ती डोंगरमाथ्यावरून आलेली नव्हती, जिथून सायकली सुटतात तिथून. अर्ध्या वाटेवर गोल आहे, तिथून सुरू झाली होती. गोल म्हणजे कोळशाची भट्टी रचायला केलेली सपाट जागा. माती अजून काळी आहे तिथली.

एका चाकाची एकच वस्तू या वाटेनं कधी गेली असेल तर ती आमची लाकडी ढकलगाडी. पुढं एक चाक, मागं दोन दांडे. चाकावरची लोखंडी धाव ढिली झाली की दर फेऱ्याला दगडावर टक करायची. आमच्याकडची शेवटची गाडी मी स्वतः कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातली, लग्न झालं त्या वर्षी. शिवाय गाडी ढकलणाऱ्याचे पाय उमटतात. चाकाच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय असायलाच हवेत. मातीवर पाय नव्हते.

फाउस्तोला मी एवढंच विचारलं, की एका चाकाची सायकल घेऊन कुणी येतं का तुझ्याकडं?

"काका, एका चाकाची सायकल सर्कशीत असते," तो म्हणाला. "सर्कस आली की सांगतो, तुम्हाला पुढची खुर्ची."

मी माती सारखी केली. मातीवर काय उमटलं होतं ते मिटवायला एक मिनिट लागतं.

४

पुढच्या रविवारी आवाज दिलेत्ताच्या मागून पाच मिनिटांनी आला. त्याच्या पुढच्या रविवारी दोन मिनिटांनी. आता मी आवाज ऐकू येत असतानाही अडसर लावून टाकत असे, डोळे मिटून, एखादं औषध घ्यावं तसा. पण हाताला ते पटत नसे. आवाज वळणाशी येऊन थांबायचा.

जूनमध्ये एका संध्याकाळी टोमॅटो चिरता चिरता दिलेत्ता म्हणाली, "फाउस्तो नीट मोजत नाही हं, आजोबा. माझ्या मागं कुणीतरी असतं."

"दिसलं तुला?"

"नाही. गोलाच्या पुढं आलं की ऐकू येतं. मी थांबले की तेही थांबतं. लाजरं असेल कुणीतरी. सगळ्यांसमोर उतरायची लाज वाटते काहींना, नवीन असतात."

"तू थांबत नको जाऊस."

"म्हणजे? मी झाडू आहे ना! मागे माणूस ठेवून खाली आले तर झाडू कसली? तूच तर सांगतोस, तोंडावर अडसर टाकू नये."

मी म्हणालो, हे काम सोड. ती म्हणाली, का? तिला काय सांगणार? वळणावर रेघा दोन हव्या होत्या, एकच आहे?

त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या घंटेनं चार वाजवले तेव्हा अकराच्या अकरा सायकली खाली होत्या. दिलेत्ता नव्हती. डाव्या खिशात एक चेस्टनट होता. पोरं बिअर प्यायला बसली. फाउस्तो म्हणाला, "येईल हो, चाक फुटलं असेल." साडेचारला त्यानं फोन लावला, वर फोन लागत नाही. पाचला तो हसायचा थांबला आणि सायकल घेऊन वर गेला. सव्वापाचला मीही निघालो, काठी घेऊन. खिशातला तो एक चेस्टनट मी मुठीत धरला होता.

अर्ध्या चढावर ती भेटली. फाउस्तो पुढं, ती मागं, दोघंही सायकली हातात धरून. ती ठणठणीत होती.

"एवढं काय झालं?" ती म्हणाली. "ते मागं होते म्हणून गोलावर थांबले जरा. दहा मिनिटं थांबले असेन."

खाली आलो तेव्हा सहाचे ठोके पडत होते. तिनं ते मोजले, घड्याळ बघितलं, आणि परत एकदा बघितलं.

५

आर्तेमियो माझ्याएवढाच. त्याचा बाप आणि माझा बाप एकाच गोलावर कोळसा जाळायचे. आम्ही रोज दुपारी चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळतो, आणि तो रोज लबाडी करतो.

त्याला मी सगळं सांगितलं. रेघेचं, आवाजाचं, दिलेत्ताच्या दोन तासांचं. तो पत्ते लावत ऐकत होता. मध्ये एकदाच त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवशी आवाज आला तेव्हा तू अडसर धरलास?"

"धरला."

"हाक मारलीस?"

"ये म्हणालो. धरलाय म्हणालो."

"आणि तो बाहेर आला नाही."

"नाही."

आर्तेमियोनं पत्ते उलटे ठेवले. एवढे चांगले पत्ते त्यानं कधी ठेवले नव्हते. नंतर मी पाहिलं, तीन राजे होते.

"मग तू अजून धरलेलाच आहेस, गेलिंदो," तो म्हणाला. "नंतर कितीही वेळा लाव."

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस? मी असतो तर धरलाच नसता. तू पहिल्यापासून असाच. दारात कुत्रं आलं तरी खुर्ची देशील." मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "आणि पोरीलाही तसंच शिकवलंस."

६

पुढच्या रविवारी मी फाउस्तोच्या गाडीत बसून वर गेलो.

"आज अडसराशी कोण?" दिलेत्तानं विचारलं.

"तू. आज झाडू मी."

"पायी?"

"जुना झाडू आहे. हळू झाडतो, पण कोपऱ्यातलं काढतो."

सगळी पोरं हसली. तिनं माझ्या टोपीवर टपली मारली आणि सगळ्यांच्या मागून निघून गेली. तिच्या चाकाची टिकटिक झाडांत विरली, आणि मी उतरायला लागलो. ऊन होतं. वाऱ्यानं चेस्टनटचा फुलोरा वाटेवर झडत होता. गोल आला. तिथं काहीच नव्हतं, काळी माती आणि नेचे. मी थांबलो नाही, मान वळवली नाही. गोल ओलांडला आणि पन्नास पावलांवर ऐकू आलं.

टक.

ते माझ्या चालीनं चालत होतं. मी म्हातारा, दर चार पावलांना दम खातो. तेही दम खायचं. खरं सांगतो, भीती अशी वाटली नाही. मला बरंच वाटलं. मागं आहे ते माझ्या मागं आहे, तिच्या नाही. एवढंच हवं होतं. वाटलं, दर रविवारी असंच करावं. मी शेवटचा, आणि मी कुणासाठी अडसर धरणार नाही. कधीतरी कंटाळेल.

शेवटचं वळण घेतलं. समोर ऊन, रस्ता, नळ, आणि अडसर उचलून धरलेली दिलेत्ता.

"ये आजोबा, सावकाश ये," ती म्हणाली. "धरलाय मी."

मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. वाकून बाहेर पडलो असतो. पण तिनं वासा खाली आणायची काही तयारी केली नव्हती. ती माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती, दारात वडीलधारं कुणी आल्यावर बघतात तशी.

"आणि ते?" ती म्हणाली. "त्यांनाही येऊ दे की."

तेव्हा मी वळलो.

खोडाच्या कडेनं दोन दांडे दिसत होते. लाकडी, धरायच्या जागी झिजून चकचकीत झालेले. एवढंच. बाकी सगळं खोडाच्या आड. पण ढकलगाडी टेकवली की तिचे दांडे खाली जातात, जमिनीजवळ. हे दांडे माझ्या कमरेएवढे वर होते. हलत नव्हते. वाट बघत होते.

मी बाहेर पडलो असतो तर अडसर तिच्या हातात होता, आणि ती धरून राहिली असती. पाच मिनिटं नाही, दोन तास नाही. मी तिला ओळखतो, मीच वाढवलीय. म्हणून मी तिच्या हातातून वासा घेतला आणि खांबावर ठेवला. मी आतल्या बाजूला होतो.

"आजोबा!"

"तू घरी हो," मी म्हणालो. "चूल पेटव. मी यांना पोचवून येतो."

पाहुण्याच्या तोंडावर दार लावता येत नाही. पण पाहुण्याला पोचवायला जाता येतं. त्यात अपमान नाही.

मी वळणाकडं चालत गेलो, जमिनीकडं बघत. आवाज माझ्यापुढं वर निघाला. टक, आणि थोडं थांबून, टक.

७

जुलैपासून हे असं चाललंय. रविवारी सगळे उतरले, दिलेत्ता उतरली, डावा खिसा रिकामा झाला, की मी अडसराच्या आत जातो आणि पोचवून येतो. गोलाशी आवाज थांबतो. मी टोपी काढतो, "येतो," म्हणतो आणि परत फिरतो. खाली येताना मागून काही येत नाही. दिलेत्ता आता वेळेवर घरी असते. त्या दिवशी तिला खोडाआड काय दिसलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आता ऑक्टोबर लागला. डावा गुडघा सुजतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढ बंद. मी हो म्हणालो. मागच्या रविवारी गोलापर्यंत जायला मला सव्वा तास लागला, आणि तीनदा बसावं लागलं. पुढचा आवाज तीनदा थांबला.

काल संध्याकाळी आम्ही दोघं चुलीपाशी चेस्टनट सोलत होतो. दिलेत्ता म्हणाली, "या रविवारी तू नको जाऊस, आजोबा. मी पोचवते."

"कुणाला?"

"त्यांना. तुझ्यानं आता होत नाही. त्यांनाही कळतं ते." शेजारच्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "तू कुठवर जातोस?"

"गोलापर्यंत."

तिनं हातातला चेस्टनट खाली ठेवला. "एवढंच? अरे, पण घर तिथं नाही. घर वर आहे, ओकांच्या मागं. मला दाखवलं होतं त्यांनी, त्या दिवशी."

मी सोलत राहिलो. चाळीस वर्षं मी त्या डोंगरात लाकूड तोडलंय. गोलाच्या वर ओक आहेत, आणि ओकांच्या मागं कडा आहे.

"मीच जाईन," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली. आणि परत सोलायला लागली.

आज ती दुकानात गेल्यावर गुडघ्याला पट्टा बांधला आणि घराचा जिना चढून पाहिला. अकरा पायऱ्या आहेत. चढलो, उतरलो, परत चढलो, परत उतरलो, आणि आणखी एकदा चढलो. काल दोनदा जमलं होतं, आज तीनदा. रविवारला अजून तीन दिवस आहेत.